‘प्रॉब्लेम’ लिहिण्याआधी: नाशिकच्या कंपन्यांत नव्याने लागलेल्यांसाठी

अंबड, सातपूर, सिन्नरच्या कंपनीत किंवा दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये नव्याने लागलेल्या पोरापोरींवर एक काम हमखास येऊन पडतं: ‘जरा कस्टमरला मेल टाक.’ काम येत असतं, मशीन कळत असतं, गेज हातात बसलेलं असतं. पण मेलच्या विषयाच्या ओळीत एकच शब्द पडतो, ‘प्रॉब्लेम’. मशीन बंद पडलं, प्रॉब्लेम. लेबल चुकलं, प्रॉब्लेम. पैसे आले नाहीत, तरी प्रॉब्लेमच.

मी स्वतः मराठी माध्यमातला. आधी क्वालिटीत होतो, नंतर निर्यातीच्या कागदपत्रांकडे वळलो. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट पक्की कळली. समोरचा माणूस तुमचं व्याकरण तपासत बसत नाही. तुम्ही कुठलं नाम वापरलं ते तो बघतो आणि त्यावरून खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा ते ठरवतो. काळ चुकला तर चालून जातं, नाम चुकलं तर डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, येते. म्हणून हा लेख फक्त ‘प्रॉब्लेम’च्या भावकीबद्दल आहे: इश्यू, डिफेक्ट, फॉल्ट, एरर, कन्सर्न, डिस्क्रिपन्सी वगैरे मंडळी कधी बोलवायची आणि कधी दाराबाहेर ठेवायची.

काय हाताशी हवं

- एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजीत आणि उदाहरणाच्या वाक्यासह देणारा कोश. केंब्रिजची मोबाईलवर फुकट दिसते. नुसता इंग्रजी-मराठी कोश इथे अपुरा पडतो, कारण तो या सगळ्याच शब्दांपुढे ‘समस्या, अडचण’ लिहून मोकळा होतो.
- कस्टमरचं ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन आणि पर्चेस ऑर्डर. शब्द ठरवायला ही कागदं कोशाइतकीच लागतात, ते पुढे कळेलच.
- त्या कस्टमरचे जुने मेल. तो स्वतः कुठला शब्द वापरतो ते त्यात दिसतं.
- एक साधी वही.

खोलीवर चार जण राहत असाल आणि शांतता मिळत नसेल, तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४० सालापासूनची संस्था आहे. कोश घेऊन तासभर बसायला गावात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

१. आधी मराठीत सांगा, पण ‘प्रॉब्लेम’ न म्हणता

आपण मराठी बोलतानाही सगळ्याला ‘प्रॉब्लेम’च म्हणतो. गाडीला प्रॉब्लेम, नेटला प्रॉब्लेम, ‘सर, उद्या घरी जरा प्रॉब्लेम आहे, सुट्टी पाहिजे.’ मग नेमकं काय झालंय हे आपल्याच डोक्यात स्पष्ट होत नाही आणि इंग्रजी शब्द शोधायला निघतो तेव्हा हातात पत्ताच नसतो. म्हणून पहिली पायरी अशी: झालेली गोष्ट गावाकडच्या काकांना सांगितल्यासारखी मनात सांगा. त्यांना प्रॉब्लेम म्हणून चालणार नाही, ते विचारतील, ‘म्हणजे काय झालं नेमकं?’

मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही, आणि बहुतेकांना इंग्रजीत सरळ जोडीदार मिळतो.

*अडचण* असेल, म्हणजे काम होतंय पण ओढाताण होतेय, तर डिफिकल्टी. *अडथळा* असेल, म्हणजे मध्ये काहीतरी आडवं आलंय आणि ते काढलं की वाट मोकळी, तर ऑब्स्टॅकल किंवा हर्डल. यंत्रातला *बिघाड* म्हणजे फॉल्ट किंवा मालफंक्शन. मालातली *खोट* म्हणजे डिफेक्ट किंवा फ्लॉ. दोन लॉटची लेबलं अदलाबदल झाली तर तो *घोळ*, मिक्स-अप. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं, अशी *तफावत* म्हणजे डिस्क्रिपन्सी. *वांधा* पडला, दोघंही आपापलं खरं म्हणताहेत, तर डिस्प्यूट. अजून काही झालेलं नाही पण *धाकधूक* आहे, तर कन्सर्न. इकडे आड तिकडे विहीर अशी *पंचाईत* असेल तर डायलेमा.

*भानगड* असेल तर मेल लिहूच नका. साहेबांना फोन करा.

२. तीन प्रश्न विचारा

मराठी शब्द सापडला की इंग्रजीकडे जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. सुरुवातीला खरंच लिहून काढा, पुढे ती मनातल्या मनात होतात.

पहिला प्रश्न: हे घडलंय की घडू शकतं? घडू शकत असेल तर रिस्क किंवा कन्सर्न. घडून गेलेल्या गोष्टीला कन्सर्न म्हटलं की तुम्ही ती लपवताय असं वाटतं, आणि न घडलेल्या गोष्टीला फेल्युअर म्हटलं की समोरचा घाबरतो. एक अपवाद आहे. काही वाहन कंपन्यांच्या फॉर्मवर कस्टमरच्या तक्रारीलाच ‘कन्सर्न’ म्हणतात. त्यांच्या फॉर्मवर त्यांचाच शब्द, वाद घालायचा नाही.

दुसरा प्रश्न: हे कशात आहे? वस्तूत, यंत्रात, माणसाच्या कृतीत, कागदात की परिस्थितीत? इंग्रजीत या प्रत्येकाची वेगळी कुळं आहेत, आणि एका कुळातला शब्द दुसऱ्यात नेला की अर्थ फिरतो. ‘फॉल्ट’ घ्या. मशीनला फॉल्ट आहे म्हणजे बिघाड. पण माणसाबद्दल ‘इट वॉज हिज फॉल्ट’ म्हटलं की तो थेट दोषारोप झाला, चूक त्याची आणि भरपाईही त्याची. तोच शब्द, यंत्राकडून माणसाकडे सरकला आणि आरोप झाला.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: हा शब्द वाचल्यावर जबाबदारी कुणाकडे जाते? डिफेक्ट लिहिलं तर बनवणाऱ्याकडे. डॅमेज लिहिलं तर बहुधा वाहतुकीकडे, कारण डॅमेज म्हणजे चांगल्या वस्तूला नंतर काहीतरी झालं. मिसयूज लिहिलं तर वापरणाऱ्याकडे. मालावर ओरखडा तोच असतो. त्याला तुम्ही काय म्हणता यावर विम्याचा दावा उभा राहतो किंवा बसतो.

३. कारखान्यातले शब्द: इथे सर्वात जास्त वेळ द्या

क्वालिटीत लागला असाल तर हा भाग दोनदा वाचा. इथे शब्दांना नुसत्या छटा नाहीत, व्याख्या आहेत.

*नॉनकन्फॉर्मिटी आणि डिफेक्ट.* शॉप फ्लोअरवर सगळे ‘एनसी’ म्हणतात ती नॉनकन्फॉर्मिटी. आयएसओ ९००० या शब्दांच्या मानकात, म्हणजे २०१५ च्या आवृत्तीत, तिची व्याख्या अगदी आखूड आहे: ठरलेली गरज पूर्ण न होणं. डिफेक्ट म्हणजे अशी नॉनकन्फॉर्मिटी, जिचा संबंध वस्तूच्या अपेक्षित किंवा ठरवून दिलेल्या वापराशी आहे. त्याच ठिकाणी टीपही आहे की हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्याला कायदेशीर अर्थ चिकटतात, विशेषतः उत्पादनाच्या उत्तरदायित्वाबाबत.

प्रत्यक्षात कसं ते बघा. समजा, कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडणीच्या कडेवर, पार्ट नंबर कोरायचा आहे. ड्रॉइंगप्रमाणे अक्षराची उंची पाच मिलिमीटर हवी, आली चार. ड्रॉइंगशी जुळत नाही, म्हणून एनसी. पण फ्लँज बसेल, गळणार नाही, आयुष्यभर चालेल. आता त्याच फ्लँजच्या सीलिंग फेसवर ब्लो होल, म्हणजे हवेचं छिद्र आहे, टाचणीच्या डोक्याएवढं. तिथून तेल पाझरणार. हा डिफेक्ट. पहिल्या प्रकाराला मेलमध्ये ‘डिफेक्ट इन लॉट’ लिहिलंत तर समोरचा अख्खा लॉट अडवून ठेवेल, शंभर टक्के सॉर्टिंगला माणसं पाठवायला सांगेल आणि त्यांची मजुरी तुमच्या नावावर पडेल. कारण कोरलेल्या नंबरचं, किंमत मात्र गळतीची.

आपल्याकडे कायद्यातही हा शब्द बसलेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या बाबतीत ‘डिफेक्ट’ आणि सेवेच्या बाबतीत ‘डेफिशियन्सी’ असे दोन वेगळे शब्द व्याख्येसकट आहेत. माल खराब निघाला तर डिफेक्ट, सर्व्हिस इंजिनिअर वेळेवर आला नाही तर डेफिशियन्सी. तुमच्या कंपनीने विकलेल्या यंत्राची देखभाल नीट झाली नाही, तर ‘सर्व्हिस डिफेक्ट’ लिहू नका.

*एरर, फॉल्ट, फेल्युअर.* या तिघांची साखळी सॉफ्टवेअर तपासणारे नेमकी शिकवतात, आणि ती मशीन शॉपलाही चालते. माणसाच्या हातून होते ती एरर. तिच्यामुळे वस्तूत राहते ती खोट, म्हणजे फॉल्ट किंवा डिफेक्ट. आणि वापरताना ती खोट उघडी पडते ते फेल्युअर. मशीन लावून देणाऱ्या सेटरने ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेचा आकडा, चुकीचा टाकला, ही एरर. बोअर (पार्टमधलं भोक) मोठा झाला, हा डिफेक्ट. गाडीत बसवल्यावर बेअरिंग फिरून सैल झालं, हे फेल्युअर. मधल्या टप्प्यावर, म्हणजे तपासणीतच पकडलं असेल, तर ‘फेल्युअर’ लिहायचं काहीच कारण नाही. कुणीही अजून नापास झालेलं नाही.

मिस्टेक आणि एरर यातला फरक बारीक आहे. मिस्टेक बोलीतला, माणसाकडे बोट दाखवणारा. एरर कोरडा, मोजमापाच्या भाषेतला. रिपोर्टमध्ये एरर, सहकाऱ्याची माफी मागताना मिस्टेक.

*ब्रेकडाउन.* मशीन थांबलं तरच. चालू आहे पण आवाज करतंय, पार्ट वेडेवाकडे काढतंय, तर मालफंक्शन. कन्व्हेअर दोन मिनिटं अडकला आणि ऑपरेटरने हाताने सोडवला, त्याला टीपीएमच्या, म्हणजे यंत्र-देखभालीच्या पद्धतीच्या, नोंदीत मायनर स्टॉपेज म्हणतात. ते ब्रेकडाउनच्या रकान्यात टाकलंत तर महिन्याच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सवाले तुमच्याकडे बघतील, आणि बरोबरच बघतील.

*इश्यू.* हा शब्द कारखान्यात जपून वापरा. स्टोअरमध्ये ‘इश्यू’ म्हणजे माल देणं. इश्यू स्लिप, मटेरियल इश्यू, इश्यू झालं का. आता तुम्ही मेलमध्ये ‘मटेरियल इश्यू ॲट लाइन टू’ लिहिलं. स्टोअरवाला समजणार, दोन नंबरच्या लाइनला माल दिला गेला. प्रॉडक्शनवाला समजणार, मालात खोट आहे. दोघंही आपल्या जागी बरोबर.

*दुरुस्तीचे शब्द.* बिघाडाच्या शेजारी हे येतातच, म्हणून इथेच उरकून घेतो. पुन्हा काम करून पार्ट ड्रॉइंगप्रमाणे झाला तर रिवर्क. ड्रॉइंगप्रमाणे नाही झाला पण वापरायला चालेल एवढा झाला तर रिपेअर. म्हणून ‘वी हॅव रिपेअर्ड द पार्ट्स’ हे वाक्य परवानगी न घेता कस्टमरला जाऊ देऊ नका, तो लगेच विचारेल की कुणाला विचारून. माल बनवण्याआधी ड्रॉइंगपासून सूट मागायची तर डेव्हिएशन, बनून गेल्यावर ‘आहे तसा घ्या’ म्हणायचं तर कन्सेशन. आणि झालेलं निस्तरलं म्हणजे करेक्शन, पुन्हा होऊ नये म्हणून कारण काढून टाकलं म्हणजे करेक्टिव्ह ॲक्शन. खराब पार्ट वेगळे काढले, हे करेक्शन आहे. ऑडिटर करेक्टिव्ह ॲक्शनच्या रकान्यात ते वाचतो तेव्हा त्याचा पेन थांबतो.

४. पॅकहाऊस आणि निर्यात: तोच शब्द, वेगळं वजन

कारखान्यातून पॅकहाऊसमध्ये गेलेल्या माणसाला पहिला धक्का ‘डिफेक्ट’ हाच शब्द देतो. वाहनांच्या सुट्या भागांत डिफेक्ट म्हटलं की खोलीत शांतता पसरते. द्राक्षात तो रोजचा आहे. कोडेक्स या अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांतल्या टेबल ग्रेप्सच्या (खायच्या द्राक्षांच्या) मानकात एक्स्ट्रा क्लासलासुद्धा अगदी किरकोळ वरवरचे डिफेक्ट चालतात. पहिल्या वर्गात आकाराचे, रंगाचे किरकोळ दोष आणि सालीपुरता अगदी थोडा उन्हाचा चट्टा चालतो. शिवाय वजनावर टॉलरन्स आहे: एक्स्ट्राला ५ टक्के, पहिल्या वर्गाला १० टक्के. म्हणजे इथे डिफेक्ट आहे की नाही हा प्रश्नच नसतो. किती आणि कुठला, हा असतो. म्हणून नुसतं ‘डिफेक्ट फाउंड’ लिहू नका. मणीगळ असेल तर शॅटर, तडा असेल तर क्रॅकिंग, सडका मणी असेल तर डिके, देठ तपकिरी पडला तर स्टेम ब्राउनिंग. नाव आणि टक्का, दोन्ही एका ओळीत.

रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचं, प्रकरण मात्र वेगळं. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. असं काही निघालं तर ते ‘क्वालिटी इश्यू’ नसतं. घड डोळ्याला सुंदर असतो, चव उत्तम असते. ते नॉन-कम्प्लायन्स असतं, कायद्याच्या मर्यादेचं उल्लंघन. क्वालिटी इश्यूवर भाव कमी करून तोडगा निघतो, नॉन-कम्प्लायन्सवर भावाची बोलणी होतच नाहीत. दोन्हींची सरमिसळ केलीत तर ज्याला भावात सूट देऊन मिटवता आलं असतं ते तुम्ही स्वतःच बंदरावर अडकवून ठेवाल.

रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधलं तापमान मध्येच मर्यादेबाहेर गेलं तर कोल्ड चेनच्या भाषेत त्याला ‘एक्स्कर्शन’ म्हणतात. हो, सहलीचाच शब्द. लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख बघून लिहा: किती वेळ, कितीपर्यंत. ‘टेम्परेचर प्रॉब्लेम’ लिहिलं तर शिपिंग लाइन विचारणार, यंत्र बिघडलं की तुम्ही माल पुरेसा थंड न करताच भरला? पहिलं त्यांच्या अंगावर, दुसरं तुमच्या.

आता बँक. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, माल गेला असेल तर कागदांतल्या तफावतीला एकच शब्द चालतो: डिस्क्रिपन्सी. यूसीपी ६०० हे लेटर ऑफ क्रेडिटचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत, त्यात कागदपत्रं तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात. इन्व्हॉइसवर ‘थॉम्पसन सीडलेस’ आणि दुसऱ्या कागदावर वेगळंच वर्णन, बिल ऑफ लेडिंगची (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीची) तारीख उशिराची, हे सगळं डिस्क्रिपन्सी. ‘मिस्टेक’ लिहू नका, ‘एरर’ही नको. चूक कुणाची याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं, कागद एकमेकांशी आणि क्रेडिटशी जुळतात का एवढंच ती बघते. डिस्क्रिपन्सी हा शब्द तेवढंच सांगतो आणि गप्प बसतो.

खरेदीदाराने पैसे कापले तर आधी क्लेम येतो. तुम्ही तो अमान्य केलात की डिस्प्यूट सुरू होतो. म्हणून क्लेमला उत्तर देताना पहिल्याच मेलमध्ये ‘धिस डिस्प्यूट’ लिहू नका, भांडण तुम्ही जाहीर केल्यासारखं होतं.

५. माणसांशी बोलताना

इथे चुका कमी महागात पडतात, पण रोज होतात.

‘आय हॅव अ डाउट’ हे आपलं सगळ्यांचं लाडकं वाक्य. शाळेत सरांना विचारायचो, डिप्लोमात विचारायचो. परदेशातल्या कस्टमरला ते ‘मला तुमच्या म्हणण्याबद्दल संशय आहे’ असं ऐकू येऊ शकतं. शंका विचारायची असेल तर क्वेरी किंवा सरळ क्वेश्चन. खरोखर विश्वास नसेल तेव्हाच डाउट.

‘कम्प्लेंट’ आणि ‘फीडबॅक’. हॉटेलात जेवण गार आलं तर ती कम्प्लेंट आहे, पण कंपनीतल्या वरिष्ठांबद्दल लिहिताना कम्प्लेंट म्हणजे औपचारिक तक्रार, तिची फाईल उघडते. नुसतं सुचवायचं असेल तर सजेशन किंवा फीडबॅक.

‘ट्रबल’ शक्यतो एकवचनातच ठेवा. ‘आय हॅड ट्रबल फाइंडिंग द ॲड्रेस’ असं. ‘ट्रबल्स’ म्हटलं की आयुष्यभराची दुःखं निघाल्यासारखी वाटतात.

‘चॅलेंज’ मला वैयक्तिकरीत्या आवडत नाही. एचआरच्या पाट्यांवरून तो सगळीकडे पसरला. पगार उशिरा झाला तर ते चॅलेंज नसतं. पण तुमच्या साहेबांना आवडत असेल तर प्रेझेंटेशनमध्ये घाला बापडे, कस्टमरच्या मेलमध्ये नको.

लहान, तात्पुरत्या गोष्टींसाठी इंग्रजीत छान हलके शब्द आहेत. ग्लिच म्हणजे यंत्रणेतली क्षणभराची गडबड, हिच म्हणजे ऐनवेळची छोटी अडचण, स्नॅग म्हणजे वाटेत अचानक अडकवणारं काहीतरी. इमारतीचा ताबा देताना राहिलेल्या बारीकसारीक कामांच्या यादीला ब्रिटिश ‘स्नॅग लिस्ट’ म्हणतात, अमेरिकन ‘पंच लिस्ट’. हे शब्द मोठ्या गोष्टीला लावले की तुम्ही ती झाकताय असं दिसतं. तीन दिवस सर्व्हर बंद होता, त्याला ग्लिच म्हणणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही.

६. शब्दाचा सोबती तपासा

नाम बरोबर निवडलं तरी त्याच्यासोबतचं क्रियापद चुकलं की वाक्य लंगडतं. मराठीत आपण ‘शंका फेडतो’, ‘तक्रार सोडवतो’ असं म्हणतो. शंका ‘दुरुस्त’ होत नाही. इंग्रजीतही तसंच. वहीत हे एकदा उतरवून ठेवा:

- प्रॉब्लेम सॉल्व्ह होतो, इश्यू रिझॉल्व्ह होतो.
- डिफेक्ट रेक्टिफाय होतो, एरर करेक्ट होते.
- फॉल्ट आधी ट्रेस किंवा लोकेट होतो, मग रिपेअर.
- डिफिकल्टी आणि ऑब्स्टॅकल ओव्हरकम करतात.
- कन्सर्न ॲड्रेस करतात, सॉल्व्ह नाही.
- डिस्प्यूट सेटल होतो.

छोटे जोडशब्दही बघा. सोल्युशन ‘टु’ द प्रॉब्लेम, ‘ऑफ’ नव्हे. डिफिकल्टी ‘इन डुइंग’, डिफिकल्टी ‘टु डू’ नव्हे. आणि ‘कोप अप विथ’ असं काही नसतं, नुसतं ‘कोप विथ’.

जोडी बरोबर आहे का ते बघायला लर्नर्स डिक्शनरीत त्या नामाखालची उदाहरणं वाचा. व्याख्या वाचून जे कळत नाही ते उदाहरणांत चटकन दिसतं.

७. समानार्थी कोशाचा सापळा

थिसॉरस उघडून ‘प्रॉब्लेम’ला टिचकी मारली की चाळीस शब्द येतात आणि नवीन माणूस हरखून जातो. त्यातला सगळ्यात भारदस्त उचलतो, ‘प्रिडिकमेंट’ किंवा ‘क्वान्डरी’, आणि पार्सल उशिरा पोचल्याच्या मेलमध्ये घालतो. वाचणारा हसतो.

या कोशाचा जन्म समजला तर तो कसा वापरायचा ते कळतं. पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरने १८५२ मध्ये तो छापला तेव्हा शब्द अकारविल्हे नव्हते, कल्पनांच्या गटांनुसार लावलेले होते. आणि त्यात अर्थ दिलेले नव्हते. तो कोश अशा माणसासाठी होता ज्याला शब्द माहीत आहे पण आठवत नाहीये. तुम्हाला-मला जो शब्द मुळात माहीतच नाही, तो तिथून उचलणं म्हणजे पत्ता न वाचता घंटा वाजवणं.

म्हणून नियम असा: थिसॉरसमधून शब्द उचला, पण लर्नर्स डिक्शनरीत त्याची तीन उदाहरणं वाचल्याशिवाय मेलमध्ये टाकू नका. मोबाईलवरचं भाषांतराचं किंवा मेल लिहून देणारं ॲप वापरत असाल तरी हेच. ते वाक्य गुळगुळीत करून देतं, पण तुमचं ड्रॉइंग त्याने पाहिलेलं नसतं. ही एनसी आहे की डिफेक्ट, ते त्याला कुठून कळणार? ते ठरवून मगच त्याला लिहायला सांगा.

आणखी एक सवय सोडा. शाळेत शिकवलं जातं की एकच शब्द पुन्हापुन्हा वापरू नये. निबंधात ठीक आहे. तांत्रिक मेलमध्ये पहिल्या ओळीत ‘डिफेक्ट’, दुसरीत ‘फॉल्ट’, तिसरीत ‘फ्लॉ’ लिहिलंत तर वाचणारा समजतो की तीन वेगवेगळ्या गोष्टी सापडल्या. एका मेलमध्ये एका गोष्टीला एकच नाव, शेवटपर्यंत. कंटाळवाणं वाटलं तरी चालेल.

८. ‘प्रॉब्लेम’ कधी तसाच ठेवायचा

इतकं सगळं वाचून ‘प्रॉब्लेम’ हा शब्दच टाकून देऊ नका. काही ठिकाणी तोच नेमका आहे. आयटी सपोर्टमध्ये असाल तर आयटीआयएलच्या, म्हणजे आयटी सेवा सांभाळायच्या, पद्धतीत इन्सिडंट म्हणजे घडलेला व्यत्यय आणि प्रॉब्लेम म्हणजे अशा एक किंवा अनेक व्यत्ययांचं कारण. प्रिंटर बंद पडला हा इन्सिडंट. दर सोमवारी का बंद पडतो, हा प्रॉब्लेम.

कारण अजून माहीतच नसेल तेव्हाही प्रॉब्लेम हाच सगळ्यात प्रामाणिक शब्द. तो कुणावर आरोप करत नाही, कशाची कबुलीही देत नाही. फोर्डने रूढ केलेल्या एट-डीच्या, म्हणजे आठ टप्प्यांत दोष सोडवायच्या पद्धतीच्या, रिपोर्टमध्ये दुसरा रकाना, डी-टू, म्हणूनच ‘प्रॉब्लेम डिस्क्रिप्शन’चा असतो, आणि मूळ कारण डी-फोरला येतं. नवीन माणूस डी-टूमध्येच लिहून टाकतो: ‘ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे बोअर मोठा झाला.’ तपास सुरू व्हायच्या आधीच निकाल लागला.

त्याऐवजी काय, कुठे, कधी, किती एवढंच लिहा. असं: ‘२०० पैकी १२ नगांचा बोअर वरच्या मर्यादेपेक्षा ०.०३ मिलिमीटर मोठा. रात्रपाळी, मशीन क्रमांक ४. कस्टमरच्या इनवर्ड तपासणीत आढळले.’ इंग्रजीत करताना आकडे, एकक आणि मशीनचा क्रमांक आधी लिहा, वाक्य मागाहून जुळवा. आणि डी-फोर पुरा होईपर्यंत डी-टूच्या रकान्यात ‘ड्यू टु’ हे दोन शब्द येऊ देऊ नका.